उंबराच्या पुढची वाट

म्हाळसाबाईने पदराची गाठ दातांनी सोडली, खडेमिठाचा एक खडा काढला आणि वाटेकडेच्या दगडावर ठेवला. मग काय वाटलं कोण जाणे, तिने तो परत उचलला, दुसऱ्या दगडाने ठेचून त्याची भरड केली आणि ती तळहाताने दगडाच्या खाचेत घासली. खडा कुणाच्याही नजरेत भरला असता. भरड फक्त मेंढीच्या जिभेला सापडणार होती.

ऊन डोक्यावर आलं होतं. डोंगरमाथ्यावर चिटपाखरू नव्हतं, तरी ती दर चार पावलांनी मागे वळून बघत होती. साठीला टेकलेल्या या बाईने जन्मात चोरी म्हणून केली नव्हती. लहानपणी आत्याच्या मडक्यातला गूळ तेवढा सोडून द्यायचा. त्या वेळी पाठीत दोन धपाटे बसले होते आणि प्रकरण मिटलं होतं. आज ती जे करत होती ते धपाट्यांवर भागणारं नव्हतं.

ती कडसरांच्या तळाची वाटकरीण होती.

कडसर म्हणजे बालाघाटाच्या माथ्यावर मेंढरं घेऊन फिरणारी नऊ चुलींची जमात. खालच्या गावांतले लोक त्यांना धनगर समजत आणि कडसर खुलासा करायच्या भानगडीत पडत नसत. बाजाराला उतरायचं, लोकर आणि बोकड द्यायचे, ज्वारी नि मीठ घ्यायचं, की परत वर. गावात घर बांधून राहणाऱ्यांची त्यांना खरं तर कीवच यायची. रोज उठून त्याच दारातून तोच डोंगर बघायचा, हे काय जगणं झालं, असं त्यांच्या बायका एकमेकींत म्हणत आणि हसत.

त्यांची एक समजूत होती आणि तिच्यावर त्यांचं सगळं चालायचं. महादेवाने माणसाला पाय दिले, पण वाट दिली नाही. वाट त्याने मेंढीच्या कानात सांगितली. माणसाला सांगितली असती तर माणसाने ती आपल्या सोयीची करून घेतली असती, एवढं महादेवाला कळत होतं. म्हणून तळ हलवायचा तेव्हा कुठं जायचं हे कडसरांत कुणी ठरवत नसे. कळपातली सगळ्यांत जाणती मेंढी, म्होरकी, सकाळी मोकळी सोडायची. तिच्या मागे तळातली थोरली बाई, म्हणजे वाटकरीण, एकटीने चालायची. हात पाठीमागे बांधलेले, हाक नाही, शीळ नाही, काठी नाही. फाट्यावर म्होरकी जिकडे वळेल तिकडे सगळा तळ वळायचा, आणि पाणी ओलांडून ती जिथे रवंथ करत बसेल तिथे चुली मांडायच्या.

वाट वळवणाऱ्याला शिक्षा एकच होती. जिथे उघडकीला येईल तिथेच त्याने खाली बसायचं. एक घोंगडी आणि पाण्याचा एक भोपळा त्याच्याजवळ ठेवायचा आणि तळाने मागे न बघता पुढे जायचं. मारझोड नाही, शिव्याशाप नाहीत. म्हाळसाबाईने ती शिक्षा डोळ्यांनी एकदाच बघितली होती, बावीस वर्षांपूर्वी, आणि तेवढं एकदाच तिला जन्माला पुरलं होतं.

असं असूनही ती मीठ घासत होती, त्याला कारण येरमाळ्याच्या बाजारात घडलं होतं.

निजामाच्या राज्याचं ते शेवटचं वर्ष होतं. अर्थात तेव्हा हे कुणालाच ठाऊक नव्हतं. उलट हे असंच कायमचं चालणार असं वाटायला लावणारे दिवस होते. चार दिवसांमागे म्हाळसाबाई लोकर घेऊन मल्लिनाथाच्या दुकानी गेली. मल्लिनाथ तिच्या सासऱ्यापासून कडसरांची लोकर घेत आलेला, थट्टेखोर माणूस. त्या दिवशी त्याने थट्टा केली नाही. गिऱ्हाईक हटेपर्यंत तिला बसवून घेतलं.

"बाई, औंदा मेंढरं कुठं उतरणार?"

"म्होरकी नेईल तिकडं."

"मग म्होरकीला म्हणावं, भोवऱ्याच्या नाल्याला जाऊ नगंस." त्याने आवाज खाली आणला. "बंदुकवाल्यांची टोळी फिरतीय. नाल्याकाठच्या दोन वस्त्या लुटल्या. जनावरं हाकून नेली, दाणे नेले. बायकापोरींचं तर इचारूच नगा. उन्हाळ्यात पाण्यावर कोण कोण येतंय ते बघत बसल्यात. तुमी आपलं मावळतीला व्हा. ओढा ओलांडून बार्शीच्या हद्दीत. तितं त्यांचं काय चालत न्हाय."

तिने तळावर येऊन हे जसंच्या तसं सांगितलं. सगळे ऐकत होते आणि सगळे ईरण्णाकडे बघत होते. ईरण्णा तळातला सगळ्यांत वडील माणूस, सत्तरी उलटलेला. रीत सांगायचं काम त्याचं. तो बराच वेळ काठीच्या टोकाने जमीन उकरत राहिला.

"म्होरकीला ठावं असंल," तो म्हणाला.

सगळ्यांनी माना हलवल्या. कुणीतरी सुस्कारा टाकला, जसं काही संकट टळलंच.

"मेंढीला बंदूक काय ठावं?" चन्नम्मा म्हणाली. ती म्हाळसाबाईची सून. तिच्या मांडीवर वीस दिवसांची मुलगी होती. ती हे कुणाला उद्देशून म्हणाली नव्हती, पण ऐकू सगळ्यांना गेलं. तिचा नवरा गोरोबा तिच्यावर डाफरला आणि ती गप्प झाली. म्हाळसाबाई मात्र त्या वाक्याला घेऊन झोपली आणि त्या वाक्याबरोबर उठली.

कारण म्होरकी नाल्यालाच जाणार, यात तिला तिळमात्र शंका नव्हती. गेले सहा उन्हाळे ती नाल्यालाच गेली होती. वारा पूर्वेचा, पाण्याचा वास पूर्वेचा; तहानलेली मेंढी दुसरीकडे जाईलच कशी? आणि म्हाळसाबाई वाटकरीण म्हणून तिच्या मागे पहिल्यांदाच चालणार होती. थोरली जाऊ माघात वारली तेव्हा हा मान तिच्याकडे आला होता. हात मागे बांधून आपल्या नातीला बंदुकवाल्यांच्या दारी नेऊन पोचवायचं, असला हा मान.

तिने चौथ्या दगडावर मीठ घासलं, तेव्हा ती उंबराखाली पोचली होती. तिथे तिने पदर झटकला. मीठ संपलं होतं.

उंबराच्या पुढे आणखी एक फाटा होता. पांढऱ्या खडकापाशी उजवी वाट डोंगराच्या पाठीवरून मावळतीला जायची आणि डावी पायवाट घसरत घसरत परत त्याच नाल्याला उतरायची. तिथवर जायला मीठही नव्हतं आणि वेळही नव्हता. धारा काढायला ती दिसली नसती तर चार जणींनी विचारलं असतं. उंबराच्या बुंध्याला हात लावून ती थोडी उभी राहिली. पुढचं तुजं तू बघ, असं ती मनात म्हणाली. महादेवाला म्हणाली की मेंढीला, हे तिलाही सांगता आलं नसतं.

परतताना वरच्या अंगाने ईरण्णा येताना दिसला. खांद्यावर घोंगडी, पायांवर गुडघ्यापर्यंत धूळ. तिने पदराचं टोक मुठीत दडवलं.

"चुकार बोकड हुडकाया गेलतो," तो न विचारताच म्हणाला.

"घावलं?"

"न्हाय."

ती कुठं गेली होती हे त्याने विचारलं नाही. दोघं एकामागे एक तळावर आली.

*

सकाळी ईरण्णाने म्होरकीच्या गळ्यात घंटा बांधली. तळातल्या सगळ्यांनी आळीपाळीने तिच्या कपाळाला कपाळ लावलं. चन्नम्माने पोरीचं कपाळ लावलं तेव्हा पोर शिंकली आणि बायका हसल्या. मग म्हाळसाबाईने हात पाठीमागे बांधले. म्होरकी निघाली. तिच्या मागे वीस पावलांवर म्हाळसाबाई, आणि तिच्या बरंच मागे मेंढरं, ओझ्याची घोडी, कुत्री आणि माणसं.

पहिल्या फाट्यावर म्होरकी थांबली. नाक वर करून तिने पूर्वेचा वारा घेतला. तिचे पुढचे दोन पाय पूर्वेच्या उताराला लागलेसुद्धा. मग ती फिरली, पश्चिमेच्या दगडाशी गेली आणि चाटत उभी राहिली. चाटून झाल्यावर पुढचा दगड दिसतो का हे बघावं तशी ती मान लांबवून त्याच वाटेने चालू लागली.

म्हाळसाबाईला वाटलं होतं, या क्षणी आपल्याला हायसं वाटेल. तसं काही झालं नाही. तिला लाज वाटली. मेंढी बिचारी मिठामागे जात होती, आणि मागून येणारी चाळीसेक माणसं महादेवाच्या शब्दामागे चालल्याच्या भरवशाने पावलं टाकत होती. हे सगळं तिने पदरातल्या मूठभर मिठावर विकत घेतलं होतं. तिच्या डोळ्यांना धार लागली आणि हात मागे असल्यामुळे ती पुसता येईना.

दुसरा दगड झाला, तिसरा झाला. उंबराखाली म्होरकीने चौथा दगड चाटून कोरडा केला, क्षणभर सावलीत रेंगाळली आणि पुढे निघाली.

पांढऱ्या खडकापाशी ती डावीकडे वळली.

म्हाळसाबाई जागच्या जागी थिजली. म्होरकी डाव्या पायवाटेने आठदहा पावलं खाली उतरली. एक शीळ पुरली असती. नुसतं जिभेने टचकारलं असतं तरी जनावर फिरलं असतं, आणि मागची माणसं इतकी दूर होती की कुणाला ऐकू गेलं नसतं. तिचे ओठ आपोआप शिळेसाठी आवळले गेले. तिने ते दातांखाली धरले. मीठ घासताना जे तिने केलं होतं ते केलं होतं. पण म्होरकीच्या मागे चालताना तोंड उघडणं तिच्याने होईना. एक पाप केलेल्या बाईला दुसरं का जमू नये? पण नाही जमलं.

म्होरकीने मान वर केली. कान हलवले. मग ती सावकाश फिरली, चढ चढून परत खडकापाशी आली, उजवीकडच्या दगडांत खाली मान घालून बराच वेळ काहीतरी खुडत राहिली आणि उजव्या वाटेला लागली. मावळतीच्या.

तिथे म्हाळसाबाईने मीठ ठेवलं नव्हतं. तिथे कुणीच काही केलं नव्हतं. म्होरकी आपल्या मनाने आली होती. म्हणजे हिच्या कानात खरंच कुणीतरी सांगतं! जाऊबाई सांगायच्या, सासूबाई सांगायच्या, आणि ती मान डोलवायची. पण आज तिने स्वतः बघितलं. तिला इतका आनंद झाला की तो तिला सोसेना. आणि लगोलग दुसरा विचार आला, की मग आपण मीठ ठेवलं ते नाहक. ही तशीही आलीच असती. आपण विश्वास ठेवला नाही एवढंच झालं.

त्यानंतर ती ओढ्यापर्यंत रडत चालली. पण हे रडणं वेगळं होतं.

*

ओढा म्हणजे निजामाच्या मुलखाची हद्द. अलीकडचं खडकाळ रान इकडचं, पलीकडची बाभळीची राई बार्शीकडची. नाक्याच्या वाटेने कडसर कधी जात नसत, त्यामुळे इथे शिपाई नव्हता की लाकडी फाटक नव्हतं. घोट्याएवढं पाणी तेवढं होतं. म्होरकी पाण्याला लागली आणि मागचा कळप तिच्या दोन्ही बाजूंनी पसरला.

"त्यो बघा धूर," कुणीतरी म्हणालं.

सगळे मागे वळले. पूर्वेला, भोवऱ्याच्या नाल्याच्या अंगाला, काळा धूर सरळ वर चढत होता. गवत पेटलं की धूर पांढरा असतो आणि पसरतो, हे कडसरांच्या पोरासोरांनाही माहीत होतं. हा घरांचा धूर होता. एक होता, मग त्याच्या शेजारी दुसरा उठला.

पुरुषांनी डोक्याची मुंडाशी काढून हातात घेतली. चन्नम्मा पोरीला घेऊन पाण्यात शिरली आणि म्होरकीच्या पायांवर तिने डोकं ठेवलं. मेंढीला बंदूक काय ठावं म्हणणारी चन्नम्माच ती. तिचं लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलं तरी ती उठेना. गोरोबाने तिला धरून उठवलं.

आणि तेवढ्यात म्होरकी पाण्यातून बाहेर आली, सरळ म्हाळसाबाईपाशी गेली आणि तिच्या पदराचं टोक तोंडात धरून चोखायला लागली.

पोरं हसली. म्हाळसाबाईने अंग मागे घेऊन पदर ओढला. म्होरकीने तो सोडला आणि तिच्या पाठीमागे बांधलेल्या हातांकडे गेली. तळहात, बोटांच्या बेचक्या, नखांच्या कडा तिने खरखरीत जिभेने चाटायला सुरुवात केली. पोरांचं हसू हळूहळू थांबलं. मोठी माणसं आधीच गप्प झाली होती.

ईरण्णा कळपातून वाट काढत पुढे आला.

"पदराला काय हाय, म्हाळसा?"

"मीठ व्हतं," ती म्हणाली. "काल दुपारी म्या दगडावर घासलं. माज्या एकटीचं काम हाय. पोराला न्हाय ठावं, सुनंला न्हाय."

गोरोबा "आये" म्हणाला आणि पाण्यातून तिच्याकडे निघाला.

ईरण्णाने मान खाली घातली. तो काय करणार हे सगळ्यांना माहीत होतं, कारण बावीस वर्षांपूर्वीही रीत त्यानेच सांगितली होती. तेव्हा मीठ ठेवणारी त्याची बायको होती. गौराबाईचं दोन वर्षांचं पोर तापाने फणफणलं होतं, येरमाळ्याला वैद्य होता आणि म्होरकी चालली होती उलट्या दिशेला. गौराबाईने मीठ ठेवलं, ते उघडकीला आलं, आणि ईरण्णाने स्वतःच्या खांद्यावरची घोंगडी काढून तिच्याजवळ ठेवली, पाण्याचा भोपळा ठेवला, पोराला तिच्या मांडीवरून उचललं आणि तळ पुढे नेला. पोर पाचव्या दिवशी वाटेत गेलं. गौराबाई पुढे कुणाला दिसली नाही. येडाईच्या देवळाचं अंगण झाडणारी एक बाई तिच्यासारखी दिसते असं एकदा बाजारात कुणी म्हणालं होतं. ईरण्णा त्यानंतर येरमाळ्याच्या बाजाराला गेला नाही. आता म्हाळसाबाईने आपली घोंगडी खांद्यावरून काढली आणि ती अंथरायला खाली वाकली.

"थांब," ईरण्णा म्हणाला. "कुठवर ठिवलंस?"

"उंबरापत्तुर. चार दगड."

"उंबराच्या पुढं?"

"पुढं न्हाय. मीठच सरलं. पुढं हात न्हाय लावला म्या, महादेवाची आण."

ईरण्णाने पूर्वेच्या धुराकडे एकदा बघितलं.

"वाट वळती ती शेवटच्या फाट्याला," तो अखेर म्हणाला. प्रत्येक शब्द तो तपासून ठेवत होता. "रीत तशी हाय. शेवटचा फाटा पांढऱ्या खडकाचा. तितं म्हाळसाचा हात न्हाय. उंबराच्या अलीकडं तिनं जे केलं ते चुकीचं, पर त्यानं वाट ठरत न्हाय. तिच्यावर दोष येत न्हाय."

"म्होरकी आली की मनानं!" कुणीतरी मोठ्याने म्हणालं, आणि कोंडलेला श्वास सुटावा तसे सगळे एकदम बोलायला लागले. खडकापासून ती कशी माघारी आली, कान कसे हलवले, हे मागून दिसलेलं ज्याने त्याने सांगायला घेतलं. चन्नम्माने सासूच्या हातातली घोंगडी काढून घेतली आणि पोर तिच्या हातात दिली. म्होरकी ओढा ओलांडून बाभळींखाली गेली, एकदा स्वतःभोवती फिरली आणि बसली.

*

चुली पेटल्या, धारा झाल्या, सूर्य बाभळींच्या मागे गेला, तरी ईरण्णा ओढा ओलांडून आला नाही. पाय भरून आल्यात, जरा बसतो, तुमी व्हा पुढं, असं तो म्हणाला होता आणि कुणी मनावर घेतलं नव्हतं. एवढी चाल झाल्यावर म्हातारं माणूस बसणारच.

म्हाळसाबाईने भाकरी फडक्यात बांधली आणि ती परत ओढ्यात उतरली. मिठाचा वास लुगड्याला अजून असावा; म्होरकी उठून तिच्या मागे आली.

ईरण्णा एका खडकाला टेकून बसला होता. खाली घोंगडी नीट अंथरलेली होती. उजव्या हाताला पाण्याचा भोपळा होता, तोंडापर्यंत भरलेला. तोंड त्याने पूर्वेकडे केलं होतं. म्हाळसाबाई त्या घोंगडीकडे आणि भोपळ्याकडे बघत राहिली, आणि तिला कळायच्या आधी म्होरकीने त्याच्या मांडीवरचा हात हुंगला आणि चाटायला घेतला.

त्याने हात झटकन घोंगडीखाली घातला. म्होरकी घोंगडीत तोंड खुपसू लागली.

पांढऱ्या खडकापाशी म्होरकी का फिरली, ते म्हाळसाबाईला आता कळलं. ती मटकन खाली बसली.

"बोकड हुडकाया गेलता न्हवं?" ती म्हणाली.

"व्हय."

"दादा, किती दगड?"

"खडकापासनं ओढ्यापत्तुर. सात." थोड्या वेळाने तो म्हणाला, "चन्नम्मा बोलली तवापासनं डोळ्याला डोळा न्हाय. अलीकडच्या फाट्याला कसं करावं म्हनून म्या लई इचार केला. तितं तळ जवळ, कुणीबी बघंल. म्हनलं, पैल्या फाट्याचं महादेव बघंल. पुढचं म्या बघतो."

"आन् म्या म्हनलं, पुढचं त्यो बघंल."

दोघंही हसली नाहीत. ओढ्यापलीकडे कुणीतरी कुणाला हाक मारत होतं.

"तळाला सांगू नगंस," ईरण्णा म्हणाला. "त्यास्नी म्होरकी लागती. उद्या माणसाच्या बोलण्यावर वाट ठरायला लागली तर नऊ चुली नऊ वाटांनी जात्याल."

"मला बी लागत व्हती," म्हाळसाबाई म्हणाली. "खडकापासनं सांजंपत्तुर व्हती, दादा. येवढीच मिळाली."

तिने भाकरीचं फडकं त्याच्यापुढे धरलं.

"उठा आता. भाकरी गार व्हतीय."

"तू जा."

"तुमीच म्हनालात, दोष न्हाय म्हनून."

"तुज्यावर न्हाय म्हनलो. शेवटच्या फाट्याला तुजा हात न्हाय म्हनलो. ते खरं हाय." त्याने भोपळा थोडा जवळ ओढला. "ज्याचा हाय त्यानं बसायचं. माज्या घरातली बसली व्हती, म्या कसा उठू?"

म्हाळसाबाईने भाकरीचं फडकं खडकावर ठेवलं. मग तिने म्होरकीला खांद्याने बाजूला सारलं, घोंगडीखालचा त्याचा उजवा हात मनगटाला धरून बाहेर काढला आणि त्याला ओढ्याकडे ओढलं. कडसरांत वाटकरीण परक्या पुरुषाच्या हाताला हात लावत नाही. ईरण्णा इतका चमकला की विरोध करायचं राहून गेलं. ती पाण्याच्या कडेला बसली आणि त्याचा हात तिने पाण्यात घातला. तळहाताला आडव्या भेगा होत्या आणि भेगांत मीठ भरलं होतं. तिने अंगठ्याने एकेक भेग चोळली. आग होत असणार. त्याची बोटं आकसत होती. लहान पोराचा हात धुवावा तसा तिने तो उलटासुलटा करून धुतला आणि आपल्या पदराला पुसला.

ईरण्णा धुतलेल्या हाताकडे बघत होता.

"गौराचा हात कुणी धुतला व्हता का गं?" त्याने विचारलं.

म्हाळसाबाई त्या दिवशी तिथेच होती. तेव्हा ती चाळिशीच्या आत होती. गौराबाई खाली बसताना तिने आपल्याकडे बघितलं होतं, आणि आपण दुसरीकडे बघितलं होतं, हे तिला बावीस वर्षं रोज आठवत होतं आणि तिने ते कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

"न्हाय," ती म्हणाली. "म्या व्हते तितं. माज्या पायाशी पाण्याचा हंडा व्हता. न्हाय धुतला."

पलीकडून गोरोबाची हाक आली. तिने ओ दिली नाही. पाण्यावरचा उजेड कमी होत चालला होता आणि म्होरकी दोघांच्या मधे उभी राहून पाणी पीत होती.

ईरण्णाने दुसरा हात पुढे केला.